व्हेक्ना नक्की कुणाचा?

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन २०२२ साली आला आणि ज्यांनी आयुष्यात वीस बाजूंचा फासा कधी हातात धरला नव्हता, त्यांनाही व्हेक्ना हे नाव पाठ झालं. मालिकेतली पोरं १९८६ सालात राहतात, शाळेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात आणि गावावर आलेल्या संकटाला खेळातल्या खलनायकाचं नाव देतात. जुन्या खेळाडूंनी लगेच बोट ठेवलं: १९८६ साली अख्खा व्हेक्ना होताच कुठे? तोवर पुस्तकांत होते ते फक्त त्याचा एक हात आणि एक डोळा. बाकीचा व्हेक्ना छापून यायला १९९० साल उजाडलं.

आक्षेप खरा आहे. तरीही मला ती चूक वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगायचं तर या खेळातले देव आणि हा दगा झालेला मेलेला मांत्रिक नक्की कुणी रचले, हे पाहावं लागतं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि गेली काही वर्षं शनिवारी रात्री चार मित्रांबरोबर ऑनलाइन हा खेळ खेळतो. त्यामुळे 'हे कुणी लिहिलं' आणि 'हे कुणाच्या मालकीचं' हे दोन वेगळे प्रश्न असतात, याची मला दोन्हीकडून सवय आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण 'डंजन मास्टर' होतो आणि जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि गोष्ट कुठे जाणार हे टेबलावरच्या कुणालाच ठाऊक नसतं. सांगणाऱ्यालाही नाही.

देव मागून घेतलेले

१९७२ च्या अखेरीस डेव्ह आर्नेसनने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी येऊन आपला 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ दाखवला. पाहणाऱ्यांत गॅरी गायगॅक्स होता. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करून घर चालवणारा, युद्धखेळांचं वेड असलेला माणूस. त्याने ग्रेहॉक नावाचा एक किल्ला आणि त्याखालची भुयारं रचली. त्यात सगळ्यात आधी उतरली ती त्याचीच मुलं. दोघांच्या कल्पना एकत्र होऊन १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आलं. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. पुढे श्रेय आणि मानधनावरून आर्नेसनने १९७९ साली खटला भरला आणि १९८१ साली तडजोड झाली. म्हणजे 'कुणाचं' हा प्रश्न पहिल्या पानापासूनच आहे.

गंमत म्हणजे गायगॅक्सच्या जगात सुरुवातीला देवच नव्हते. खेळात 'क्लेरिक' नावाचं पात्र असतं, अर्धा पुजारी आणि अर्धा लढवय्या. देवाच्या कृपेने तो जखमा बऱ्या करतो. पण कुठल्या देवाच्या? नुसतं 'देवांच्या' म्हणून भागवलेलं होतं. काही खेळाडूंनी स्वतःच सोय लावली. अडचणीच्या वेळी कुणी ओडिनचा धावा करी, कुणी झ्यूसचा, कुणी चक्क कोनॅनच्या गोष्टींतल्या क्रॉमचा. बाकीच्यांना ते पटेना. आमच्या पुजाऱ्याला एक नक्की देव द्या, असा त्यांनी लकडा लावला.

गायगॅक्सने अर्धवट थट्टेत दोन देव दिले. एक सेंट कथबर्ट. नाव सातव्या शतकातल्या एका इंग्लिश संताचं, पण हा नास्तिकांची मनं वळवतो ती डोक्यात सोटा घालून. दुसरा फोल्टस. त्याचे भक्त इतके कट्टर की दुसरा देव असतो हेच त्यांना मान्य नाही. अशा दोघांना एका जगात आणून सोडलं की भांडण आपोआप उभं राहतं. खेळाडूंनी ते उभं केलं आणि भांडणातून पंथ तयार झाले.

आमच्या कामात याला युजरची मागणी म्हणतात. कुणीतरी विचारतं, "हे बटण दाबल्यावर नक्की काय होतं?" आणि मग आपल्या लक्षात येतं की त्या बटणामागे आपण काही लिहिलेलंच नाही. ग्रेहॉकचे देव तसे जन्मले. खेळाडूने प्रश्न विचारला नसता, तर देव आले नसते.

आधी घटना, मग पुराण

त्या टेबलावरची नावं कशी ठरायची तेही पाहण्यासारखं आहे. गायगॅक्सचा मुलगा अर्नी जादूगार खेळायचा. 'अर्नेस्ट'ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की 'टेन्सर' होतं, तेच त्याच्या पात्राचं नाव. जिम वॉर्डने स्वतःचं नाव उलटं वाचलं आणि 'ड्रॉमिज' झाला. धाकट्या ल्यूकच्या पात्राच्या कागदावर पुरुष आणि एल्फ अशा नोंदी होत्या, त्यांचा मेळ घालून 'मेल्फ' झाला. गायगॅक्स स्वतः खेळायचा तेव्हा त्याच्या मांत्रिकाचं नाव असे मॉर्डेनकेनन. आज जगभर खेळाडू टेन्सरची तरंगती तबकडी आणि मेल्फचा आम्लबाण हे मंत्र वापरतात. ते एका घरातल्या मुलांच्या खेळातून आले आहेत.

रॉब कुंट्झ हा गायगॅक्सचा तरुण मित्र आणि पुढे त्याच्या जोडीने डंजन मास्टर झालेला खेळाडू. त्याच्या रोबिलार या पात्राने एकदा ग्रेहॉक किल्ल्याखाली कोंडलेल्या नऊ उपदेवता मोकळ्या केल्या. खेळात घडलं ते घडलं, फिरवता येत नाही. पण त्यांना तिथे कोंडलं कुणी होतं आणि का? याचं छापील उत्तर गायगॅक्सने बरंच उशिरा दिलं: झॅगिग नावाच्या वेड्या महामांत्रिकाने. झॅगिग म्हणजे गायगॅक्स या नावाचीच उलटापालट. सुटलेल्यांपैकी इउझ हा पुढे ग्रेहॉकच्या नकाशावरचा सगळ्यात भीतिदायक राजा ठरला. एका खेळाडूच्या एका रात्रीच्या उद्योगातून अख्ख्या जगाचं राजकारण बदललं आणि त्याची पार्श्वकथा मागाहून बेतली गेली.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही आधी माळावर शेंदूर फासलेला दगड असतो, माहात्म्य मागाहून लिहिलं जातं. कुणाला तरी दृष्टांत होतो, कुणाची तरी गाय तिथे पान्हा सोडते आणि कालांतराने पोथीत सगळं पहिल्यापासून तसंच होतं असं लिहून येतं. फरक इतकाच की ग्रेहॉकमधली ही प्रक्रिया दहा-बारा वर्षांत उरकली आणि ती करणारे बरेचसे लोक आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

हात, डोळा आणि रिकाम्या ओळी

आता व्हेक्ना. १९७६ साली 'एल्ड्रिच विझर्ड्री' ही पुरवणी आली. लेखक म्हणून नावं दोन: गायगॅक्स आणि ब्रायन ब्लूम. ब्लूम हा कंपनीतला भागीदार. व्हेक्नाच्या वस्तू त्याच्या कल्पनेतल्या मानल्या जातात. व्हेक्ना हे नाव म्हणजे लेखक जॅक व्हान्सच्या आडनावाची अक्षरं फिरवून केलेलं. मंत्र पाठ करायचा, एकदा वापरला की तो डोक्यातून पुसला जातो, ही या खेळातली जादूची पद्धत व्हान्सच्या कथांतूनच उचललेली होती. तेव्हा हा एक प्रकारे नमस्कारच.

व्हेक्ना 'लिच' होता. लिच म्हणजे मरण टाळण्यासाठी स्वतःलाच जिवंत प्रेत करून घेतलेला मांत्रिक. आपला जीव तो एखाद्या वस्तूत लपवतो. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस आजीच्या गोष्टींत भेटलेल्यांना वेगळं समजावायला नको. या व्हेक्नाचा एक उजवा हात होता, कास. अंगरक्षक, सल्लागार, सेनापती. व्हेक्नाने त्याला एक तलवार दिली. ती तलवार कासच्या कानाशी कुजबुजू लागली की, तू मालकापेक्षा मोठा आहेस. अखेर कास उलटला. झुंजीत दोघेही नाहीसे झाले. मागे उरली ती तलवार आणि व्हेक्नाचा एक हात व एक डोळा.

पहिल्या काही वर्षांत छापील व्हेक्ना एवढाच. देश नाही, घराणं नाही, देवत्व नाही. काही परिच्छेद आणि तीन वस्तू. शिवाय १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये अशा दैवी वस्तूंच्या नोंदींखाली चक्क रिकाम्या ओळी छापल्या होत्या. या हाताची ताकद नक्की काय, ते प्रत्येक डंजन मास्टरने याद्यांमधून निवडून पेन्सिलीने भरायचं. खेळाडूंनी पुस्तक वाचून काढलं तरी त्यांना उत्तर सापडू नये म्हणून. म्हणजे दोन गावांतला व्हेक्नाचा हात सारखा नसणार, हे पुस्तकानेच ठरवून ठेवलं होतं. मी रोज ज्या प्रकारचा कोड वाचतो त्यात रिकामं फंक्शन हा आळस समजला जातो. इथे तेच आमंत्रण होतं.

आणि लोकांनी ते स्वीकारलं. हात वापरायचा तर आधी स्वतःचा हात मनगटातून तोडून तो तिथे लावावा लागे. डोळ्याचंही तसंच. १९९० च्या दशकात इंटरनेटवर एका टेबलाचा किस्सा फिरू लागला. एका टोळीने दुसऱ्या टोळीची फिरकी घ्यायला अफवा सोडली की व्हेक्नाचं मुंडकंही कुठेतरी पुरलेलं आहे. दुसऱ्या टोळीने मोठ्या पराक्रमाने ते मिळवलं. मग नियमाप्रमाणे एकाने स्वतःची मान कापून घेतली, ते मुंडकं बसवायला. तो मेला. त्यावर बाकीच्यांनी बसवण्यात काहीतरी चुकलं असणार असं ठरवून दुसऱ्याची मान कापली. 'व्हेक्नाचं मुंडकं' कुठल्याही लेखकाने रचलेलं नव्हतं, पण आज जुन्या खेळाडूला व्हेक्नाबद्दल विचारलं तर तो हीच गोष्ट आधी सांगेल.

बाहेरचं राजकारण

दगा फक्त खेळात राहिला नाही. टीएसआर ही कंपनी १९७३ साली गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी काढली होती. के १९७५ साली वारला आणि शेअर्सचं पारडं हळूहळू ब्लूम कुटुंबाकडे झुकलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कंपनी कर्जात बुडाली आणि भागीदारांत फाटलं. १९८५ साली ब्लूम बंधूंनी आपले शेअर्स लॉरेन विल्यम्सला विकले. बहुमत तिकडे गेलं आणि गायगॅक्सला अध्यक्षपदावरून काढण्यात आलं. तो कोर्टात गेला, हरला आणि पुढच्या वर्षी कंपनीतून बाहेर पडला.

यात ब्लूमला कास ठरवणं फार सोपं आहे आणि चाहते ते ठरवतातही. मला ते पटत नाही. कंपनी वाचावी असं दोन्ही बाजूंना वाटत असणार आणि शेअर विकणं हा गुन्हा नाही. पण ज्याच्या कल्पनेतून विश्वासू सेनापतीने मालकाला संपवण्याची गोष्ट निघाली, त्याच्याच सहीने नऊ वर्षांनी संस्थापक बाहेर पडला, हे नजरेआड करता येत नाही.

बाहेर पडताना झालेली वाटणी मात्र आणखी बोलकी आहे. 'गॉर्ड' या आपल्या कादंबऱ्यांच्या नायकावर गायगॅक्सचा हक्क राहिला. शिवाय ज्या पात्रांची नावं त्याच्या स्वतःच्या नावाची उलटापालट होती, जसं झॅगिग, ती त्याला मिळाली. ग्रेहॉकचं जग कंपनीचं. मॉर्डेनकेनन कंपनीचा. रोबिलार कंपनीचा. टेन्सर, म्हणजे त्याच्या मुलाने लहानपणी स्वतःच्या नावाची अक्षरं फिरवून केलेला जादूगार, तोही कंपनीचा.

मग १९९० साली 'व्हेक्ना लिव्हज!' आलं, लेखक डेव्हिड कुक. व्हेक्ना पहिल्यांदाच अख्खा अवतरला, आणि तोही उपदेवता होऊन. या साहसाची सुरुवात अशी: खेळाडूंना मॉर्डेनकेननच्या मंडळातले जगप्रसिद्ध जादूगार खेळायला दिले जातात आणि पहिल्याच प्रसंगात ते सगळे मारले जातात. त्यांत टेन्सर होता, ड्रॉमिजही होता. लेखनाच्या दृष्टीने चाल झकास आहे, संकट केवढं आहे ते लगेच कळतं. पण ज्यांनी ती पात्रं खेळून मोठी केली होती, त्यांपैकी कुणाला विचारायची आता कायद्याने गरज नव्हती.

नाव काढा, तबकडी ठेवा

१९९७ साली टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. त्यातल्या देवांच्या यादीत थट्टेतून जन्मलेला सेंट कथबर्ट आणि एका हातापासून सुरू झालेला व्हेक्ना, आता रहस्यांचा पूर्ण देव, शेजारी शेजारी बसले.

त्याच वर्षी 'ओपन गेम लायसन्स' आलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरून घेतलेली ही कल्पना माझ्यासारख्यांना लगेच कळते: मूळ नियम सगळ्यांना खुले, त्यावर कुणीही काहीही बांधावं. मात्र कंपनीची ओळख ठरणारी नावं वगळून. म्हणून खुल्या मजकुरात टेन्सरची तरंगती तबकडी नुसती 'तरंगती तबकडी' झाली आणि मेल्फचा आम्लबाण नुसता 'आम्लबाण'. मंत्र सगळ्यांचा, मुलाचं नाव कंपनीचं.

याचा परिणाम नंतरच्या पिढीवर दिसतो. 'क्रिटिकल रोल' हा व्हॉइस अॅक्टर मंडळींचा खेळ २०१५ पासून इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिला. मॅथ्यू मर्सरच्या त्या पहिल्या कथेत शेवटचा शत्रू व्हेक्नाच होता. २०१७ साली खेळाडूंनी त्याला बंदिस्त केलं. पण त्या जगाचं पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा तो नावाने येऊ शकत नव्हता. तिथे तो 'कुजबुजला जाणारा' अशा अर्थाच्या उपाधीने येतो. बाकीचे उसने देवही तसेच उपाध्या पांघरून आले. आता ज्याचं नाव दबक्या आवाजातच घ्यायचं अशी मूळ आख्यायिका, त्याचं नाव वकिलांमुळे खरंच घेता येऊ नये, यापेक्षा चांगली पार्श्वकथा कुणी रचली असती असं मला वाटत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये हे लायसन्स आवळण्याचा कंपनीचा मसुदा फुटला आणि खेळाडू खवळले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. लोक इतके का चिडले, हे बाहेरच्यांना कळलं नाही. नियमांच्या आकड्यांसाठी कुणी रस्त्यावर येत नाही. आपण पन्नास वर्षं पेन्सिलीने भरत आलो त्या ओळींवर कुणीतरी नंतर हक्क सांगेल, ही ती भीती होती.

कास उलटला तरी का?

आमच्या शनिवारच्या खेळात गेल्या वर्षी असाच एक दगा झालेला मेलेला मांत्रिक आला. आमचा डंजन मास्टर हुशार आहे. त्याने फक्त एवढंच सांगितलं की विश्वासू माणसाने याला मारलं आणि गावात देवीच्या देवळाला तेव्हापासून कुलूप आहे. मग आम्हालाच विचारलं, "का?" एक म्हणाला, मांत्रिकाने त्या माणसाच्या मुलाचा जीव वापरून स्वतःचं मरण टाळलं होतं. दुसरी म्हणाली, नाही, मांत्रिकानेच त्याला मारायला सांगितलं होतं, आणि नंतर विसरला. मी म्हणालो, देवीने दोघांनाही एकच वचन दिलं होतं.

तिन्ही गोष्टी एकमेकींना छेद देत होत्या. आमच्याकडे नियम एकच आहे: भर घालायची, दुसऱ्याचं पुसायचं नाही. म्हणून तिन्ही ठेवल्या. आता गावात तीन म्हातारे आहेत आणि प्रत्येक जण आपलीच गोष्ट खरी म्हणून शपथ घेतो. त्या मांत्रिकाला भेटायला जाताना आम्हाला खरोखर धाकधूक होती, कारण आमच्यापैकी कुणालाच सत्य माहीत नव्हतं.

एकट्याने मी याहून सुसंगत पार्श्वकथा लिहिली असती. पण ती माझ्या फाइलमध्येच राहिली असती. चौघांनी मिळून केलेला तो मांत्रिक आमच्या गप्पांत येतो, आम्ही त्याच्यावरून भांडतो. सामूहिक गोष्टीत मालकी अशी सिद्ध होते: तिच्यावरून किती जणांना भांडावंसं वाटतं यावरून.

२०२४ साली 'व्हेक्ना: ईव्ह ऑफ रुइन' आलं. त्यात खेळाडूंना सल्ला देणारा मॉर्डेनकेनन मुळात मॉर्डेनकेनन नसतोच. त्याचं रूप घेतलेला कास असतो. गायगॅक्स २००८ साली गेला, ब्लूम २०२० साली. त्याने जन्माला घातलेल्या दगाबाजाने याच्या मांत्रिकाचा चेहरा चढवला, आणि ते पाहायला दोघांपैकी कुणीच उरलं नव्हतं.

म्हणूनच १९८६ सालच्या त्या पोरांकडे अख्खा व्हेक्ना कुठून आला, या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. त्यांच्याकडे एक हात होता, एक डोळा होता आणि रिकाम्या ओळी असलेलं पुस्तक होतं. बाकीचा त्यांनी केला असणार. पुस्तकाने त्यांना तेच तर सांगितलं होतं.